वाचकांचे प्रश्न : खाज, चट्टे आणि हाती लागेल ते मलम

त्वचेच्या तक्रारींविषयी मागवलेल्या प्रश्नांना मिळालेला प्रतिसाद मोठा आहे, आणि आलेल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटते : ‘मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, आधी बरे वाटले, मग वाढले.’ या अंकासाठी पत्रे निवडताना हेच वाक्य मध्यभागी ठेवले आहे. पत्र वाचून निदान करता येत नाही आणि तसा प्रयत्न येथे केलेला नाही. मात्र कोणत्या खुणा पाहाव्यात, काय लावू नये आणि कोणत्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये, हे सांगता येते.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात कामाला आहे. गेल्या पावसाळ्यापासून कमरेभोवती, परकराची नाडी बसते त्या जागी, आणि जांघेत गोल चट्टे उठले आहेत. दुकानातून आणलेल्या मलमाने दोन दिवसांत खाज थांबते, पण मलम बंद केले की दुपटीने उठते. आता यजमानांना आणि मुलीलाही तसेच चट्टे आले आहेत. शेजारच्या काकू बिब्बा लावायला सांगतात. लावू का?
– एक भगिनी, सातपूर

उत्तर : बिब्बा लावू नका. बिब्ब्याच्या तेलाने त्वचा अक्षरशः भाजते. बिब्बा उतला म्हणजे काय होते हे आपल्या घरातील जुन्या माणसांना विचारा. लसूण ठेचून चोळण्याचाही परिणाम असाच होतो. खाजेच्या जागी आग सुरू झाली की खाज काही काळ जाणवत नाही, एवढाच या उपायांचा ‘गुण’.

आपण केलेले वर्णन गजकर्णाचे, म्हणजे नायट्याचे दिसते. गजकर्ण बुरशीमुळे होते, आणि ही बुरशी घाम साचणाऱ्या घट्ट जागी वाढते. परकराची नाडी, सुरवारीची नाडी, जीन्सचा पट्टा या सगळ्यांखालची त्वचा दिवसभर ओली राहते आणि काचते, त्यामुळे तेथे बुरशीला आयतेच घर मिळते. चट्ट्याची कडा उठावदार, लालसर आणि खवलेदार असते, तर मधला भाग तुलनेने साफ होत जातो. घरातील तिघांना एकाच वेळी त्रास होणे ही या निदानाला पुष्टी देणारीच गोष्ट आहे.

आपण आणलेल्या मलमाची ट्यूब हातात घेऊन घटकांची नावे वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव आढळले, तर त्या मलमात स्टेरॉईड आहे. आपल्याकडे बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि जोरदार स्टेरॉईड अशी तिन्ही एकत्र कोंबलेली मलमे सर्रास विकली जातात. स्टेरॉईड दाह दाबते, म्हणून खाज दोन दिवसांत थांबते. पण तो दाह हाच शरीराचा बुरशीशी चाललेला झगडा असतो. तो दाबला की बुरशीला मोकळे रान मिळते. चट्टा पसरतो, त्याची ओळखीची कडा पुसट होते आणि पुढे अनुभवी डॉक्टरांनाही तो पटकन ओळखता येत नाही. जांघेसारख्या नाजूक जागी असे मलम महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते आणि तिच्यावर गर्भारपणात पोटावर पडतात तशा रेघा उमटतात. त्या रेघा जन्मभर राहतात. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक स्टेरॉईड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजेच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. प्रत्यक्षात ती कशी मिळतात, हे आपल्या पत्रावरून दिसतेच आहे. वेष्टनावर लाल उभी रेघ असेल, तर ते औषध दुकानदाराच्या सल्ल्याने घ्यायचे नाही, एवढी खूणगाठ बांधावी.

आता काय करावे? स्टेरॉईडचे मलम थांबवल्यावर काही दिवस खाज आणि लाली वाढेल. ती वाढल्यामुळेच बहुतेक जण घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतात, आणि हे चक्र वर्षभर चालू राहते. म्हणून मलम थांबवणे आणि योग्य उपचार सुरू करणे या दोन्ही गोष्टी त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली एकदमच व्हायला हव्यात. कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बुरशी दिसते. तपासणी साधी आहे आणि वेदनारहित आहे. चट्टे पसरलेले असतील तर नुसते मलम पुरत नाही, इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन यांसारखी गोळी कित्येक आठवडे घ्यावी लागते. भारतात गेल्या दशकभरात या बुरशीचा एक चिवट प्रकार पसरला असून त्याच्यावर टर्बिनाफिन अनेकदा चालत नाही, त्यामुळे ‘जावेला लागू पडलेली गोळी’ आपल्याला लागू पडेलच असे नाही. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावी आणि आम्लपित्ताचे औषध चालू असल्यास ते डॉक्टरांना सांगावे, कारण त्याने कॅप्सूल नीट शोषली जात नाही. यकृताचा किंवा हृदयाचा आजार, गर्भारपण, इतर चालू औषधे यांची माहितीही आधी द्यावी. बुरशीविरोधी मलम चट्ट्यापुरते न लावता कडेबाहेर दोन बोटे लावावे, आणि चट्टे दिसेनासे झाल्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे. बहुतेक उपचार फसतात ते याच शेवटच्या टप्प्यावर.

तिघांचे उपचार एकाच वेळी व्हावेत. टॉवेल वेगळे ठेवा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळवा, आणि पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा शिवणींवरून इस्त्री फिरवा. परकराची नाडी रुंद पट्टीची करून घेतल्यास आणि रोज थोडी वर-खाली बांधल्यास काच कमी होतो. वांगे किंवा आंबट सोडल्याने गजकर्ण जात नाही. पथ्याच्या नावाखाली जेवण तोडू नये.

प्रश्न : माझा नातू आठ महिन्यांचा आहे. थंडी सुरू झाल्यापासून त्याचे गाल आणि हातपाय लाल व खरखरीत झाले आहेत, तो रात्रभर अंग घासतो. डॉक्टरांनी इसब सांगून स्टेरॉईडचे सौम्य मलम दिले, पण सूनबाईंनी मोबाईलवर काही वाचले आणि त्या ते लावूच देत नाहीत. मी डाळीच्या पिठाने अंघोळ घालते, त्यानेही फरक नाही.
– एक आजी, निफाड

उत्तर : आजी, वरच्या उत्तरात स्टेरॉईडविषयी एवढे कडक लिहिल्यानंतर आता मी तेच मलम लावा म्हणून सांगतो आहे, याचे कदाचित आपल्याला आणि सूनबाईंना नवल वाटेल. बुरशीच्या चट्ट्यावर लावल्यास घातक ठरणारे हे औषध इसबावर गुणकारी असते, कारण इसबात मारण्यासारखा कोणी जंतू नसून त्वचेचा स्वतःचा दाहच मूळ दुखणे असतो. सौम्य ताकदीचे मलम, फक्त लाल झालेल्या जागी, ठरवून दिलेले दिवस लावल्याने बाळाचे नुकसान होत नाही. न लावल्याने मात्र बाळाची झोप जाते, खाजवून जखमा होतात आणि त्या चिघळतात. सूनबाईंची भीती निराधार नाही, ती चुकीच्या जागी लागली आहे एवढेच. त्यांना घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा आणि किती, कोठे, किती दिवस, हे त्यांच्यासमोर विचारा. मापासाठी एक सोपी युक्ती आहे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि ते मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

लहान बाळांचे इसब साधारणपणे गालांवर, डोक्यावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूंवर दिसते; लंगोटाची जागा बहुधा सुटते. घरात कोणाला दमा किंवा सततच्या शिंका असल्यास शक्यता वाढते. अशा त्वचेत ओलावा टिकत नाही, आणि निफाडचा पारा तर हिवाळ्यात पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा त्रास वाढणे स्वाभाविक आहे. म्हणून खरा रोजचा उपचार ओलावा टिकवण्याचा आहे. डाळीचे पीठ बंद करा, ते त्वचा घासते आणि तिची उरलीसुरली स्निग्धता काढून घेते. कढत पाणी नको. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ आटोपावी, अंग टिपून घ्यावे, आणि त्वचा दमट असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली भरपूर लावावी. खोबरेलही चालेल. दिवसातून दोन-तीनदा लावावे, आणि त्वचा बरी दिसत असतानाही लावावे. लोकरीचे झबले थेट अंगावर न घालता आत सुती घालावे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दूध किंवा अंडे बंद करू नये.

पिवळसर खपली किंवा पू दिसल्यास, अथवा तापाबरोबर बारीक, एकसारखे, खोलगट फोड अचानक उठल्यास त्याच दिवशी बाळाला दाखवावे. एरवी धीर धरावा. पुष्कळ मुलांचे इसब शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बरेच निवळते.

प्रश्न : द्राक्षबागेत मजुरीला जातो. ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावताना बोटांवर फोड येतात आणि कातडी सोलते. हे दरवर्षीचे आहे. पण या वर्षी पापण्या सुजून चेहरा आणि मानही काळी पडली आहे, आणि ते बागेचे काम नसतानाही जात नाही.
– एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : आपल्या पत्रात बहुधा दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिले सरळ आहे. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावले जाणारे हायड्रोजन सायनामाईड हे दाहक रसायन आहे आणि ते उघड्या हाताला लागले की कोणाचीही त्वचा भाजते; त्याला ॲलर्जी असावी लागत नाही. कापडी हातमोजे येथे उपयोगाचे नाहीत, उलट ते रसायन शोषून हाताशी धरून ठेवतात. कोपरापर्यंतचे रबरी किंवा नायट्राईलचे मोजे, पूर्ण बाह्या आणि डोळ्यांना चष्मा हवा. मोज्याच्या आत थेंब गेला तर मोजा लगेच काढून हात साबणाने धुवावा. डोळ्यात उडाल्यास निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन तडक रुग्णालय गाठावे. आणखी एक गोष्ट मजुरांना क्वचितच सांगितली जाते : या रसायनाचे काम करण्याआधी आणि नंतर काही दिवस दारू घेतल्यास चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, उलट्या, चक्कर असा गंभीर त्रास होऊ शकतो, कारण दारू पचवणाऱ्या यंत्रणेतच ते अडथळा आणते. हातमोजे पुरवणे ही बागमालकाची जबाबदारी आहे, हे वाचणाऱ्या बागायतदारांनी मनावर घ्यावे. औषधाच्या खर्चापुढे मोज्यांचा खर्च नगण्य असतो.

दुसरे दुखणे हवेतून येणाऱ्या कणांचे वाटते, आणि आपल्या भागात त्याचा पहिला संशयित गाजरगवत आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यात पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे परदेशी तण आज बांध, रस्त्याची कड आणि पडीक जमीन व्यापून बसले आहे. त्याचे वाळलेले बारीक कण आणि केस हवेत उडतात आणि त्यांतील द्रव्याने काहींना ॲलर्जी जडते. सुरुवातीला पावसाळ्यानंतरच्या काही महिन्यांपुरता असणारा त्रास पुढे बारमाही होतो. उन्हाची ॲलर्जी आणि ही ॲलर्जी यांत गल्लत होते, कारण दोन्हींत उघडे अंगच बिघडते. आरशात नीट पाहावे : वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा आणि कानामागचा भाग या उन्हाच्या सावलीतल्या जागा आहेत. तेथेही त्वचा जाड व काळी झाली असेल, तर कारण ऊन नसून हवेतले कण असण्याची शक्यता अधिक. कोपराच्या खोबणीतही हे कण साचतात. खात्रीसाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून ‘पॅच टेस्ट’ करतात; पट्ट्या अठ्ठेचाळीस तासांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा तपासतात. त्यात बागेत वापरली जाणारी काही रसायनेही तपासता येतात, म्हणून वापरलेल्या औषधांची नावे लिहून न्यावीत.

गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावे, पण ते काम आपण स्वतः करू नये. शेतातून आल्यावर आधी चेहरा, मान आणि हात धुऊन कपडे बदलावेत. काही रुग्णांना याच कुळातल्या शेवंतीसारख्या फुलांचाही त्रास होतो, हे लक्षात ठेवावे. पापण्यांवर मनाने कोणतेही मलम लावू नये. जोरदार स्टेरॉईड तेथे दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या गालांवर फिकट डाग आहेत, आणि माझ्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा ठिपका पडला आहे. सासूबाईंना कोडाची शंका आहे, त्यांनी दोघांनाही मासे बंद केले आहेत. लोक तर महारोगापर्यंत बोलतात.
– एक आई, नाशिकरोड

उत्तर : मासे खुशाल खा. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होत नाही.

मुलाच्या गालांवरचे डाग कडा पुसट असलेले, किंचित कोरडे आणि फिकट असतील, पण खडूसारखे पांढरे नसतील, तर ते या वयात अगदी नेहमी दिसणारे निरुपद्रवी डाग असावेत. त्यांना घरोघरी ‘जंताचे’ किंवा ‘कॅल्शियम कमी झाल्याचे’ डाग म्हणतात. दोन्हींशी त्यांचा संबंध नाही. मॉइश्चरायझर लावावे, उन्हापासून जपावे. रंग सावकाश, काही महिन्यांत परत येतो. मोठ्यांच्या छाती-पाठीवर घामाच्या दिवसांत येणारी शिबी निराळी. तिच्यावर नखाने खरवडल्यास बारीक कोंडा निघतो आणि ती बुरशीविरोधी औषधाने जाते.

आपल्या कपाळावरील ठिपक्याचे कारण टिकलीमागचा डिंक असू शकते. काही डिंकांतील रसायने त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मारतात आणि नेमक्या टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. चिकटणारी टिकली आजच बंद करा आणि तज्ज्ञांना दाखवा. त्या जागेपलीकडे डाग पसरतो आहे का, हे त्यांना पाहावे लागेल, कारण क्वचित अशा डागापासून खऱ्या कोडाची सुरुवात होते. कोड म्हणजे शरीराच्या संरक्षणयंत्रणेने स्वतःच्याच रंगपेशींवर केलेला हल्ला. तो संसर्गजन्य नाही आणि लवकर उपचार केल्यास अनेकांचा रंग बऱ्याच प्रमाणात परत येतो.

कुष्ठरोगाची खूण रंगापेक्षा बधिरतेत आहे. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श, गरम-गार कळत नसेल, तेथे घाम येत नसेल किंवा केस गळले असतील, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. औषध शासनातर्फे मोफत मिळते, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते, आणि ते सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो. घटस्फोटासाठी कुष्ठरोग हे कारण २०१९ साली कायद्यातून काढून टाकण्यात आले; लोकांच्या बोलण्यातून ते निघायला आणखी किती काळ लागेल कोण जाणे.

प्रश्न : मुलगा आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहतो. सुट्टीला आला तेव्हा बोटांच्या बेचक्यांत पुरळ होते आणि रात्री खाजवत होता. तो परत गेला, आता आम्ही सगळे खाजवतो आहोत.
– एक पालक, सुरगाणा

उत्तर : रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्या, मनगटे, बेंबीभोवती व जननेंद्रियावर पुरळ, आणि घरात एकामागून एक सर्वांना होणे, ही खरजेची ओळख आहे. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू होण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. म्हणून आज ज्याला खाज नाही त्याच्याही अंगात किडे असू शकतात, आणि म्हणूनच घरातील सर्वांनी एकाच रात्री उपचार करणे अटळ आहे.

डॉक्टरांनी दिलेले पाच टक्क्यांचे परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायांपर्यंत, नखांच्या कडा आणि बेचक्या न सोडता, रात्री लावून आठ ते बारा तासांनी धुवावे. मध्ये हात धुतल्यास तेथे पुन्हा लावावे. आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. तान्ह्या मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी डॉक्टरांचे वेगळे मार्गदर्शन घ्यावे. उपचाराआधीच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे व अंथरूण कढत पाण्यात धुऊन वाळवावे. धुता न येणाऱ्या गोधड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवल्या तरी चालते, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. मलम पुन्हा पुन्हा लावल्याने ती कमी होत नाही, उलट त्वचा कोरडी पडून वाढते.

वसतिगृहाच्या अधीक्षकांना हे पत्राने कळवा. एका मुलावर उपचार करून उपयोग नाही. एका खोलीतल्या सर्व मुलांचे उपचार एकाच रात्री व्हावे लागतात, आणि हे काम आरोग्य केंद्रामार्फत होऊ शकते. यात कोणाच्या स्वच्छतेचा पाणउतारा नाही. दाटीने झोपणाऱ्या कोणालाही खरूज होते.

प्रश्न : भातलावणीच्या दिवसांत पायांना चिखल्या होतात. आईला मधुमेह आहे, तिच्याही होतात. घरगुती उपाय सांगा.
– एक वाचक, इगतपुरी

उत्तर : दिवसभर पाण्यात राहून बोटांमधली कातडी पांढरी, भिजट होते आणि तेथे बुरशी व जंतू शिरतात. शेतातून आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या सुक्या फडक्याने नीट कोरड्या कराव्यात आणि रात्रभर पाय उघडे ठेवावेत. लावणीला जाण्यापूर्वी खोबरेल किंवा व्हॅसलीन चोपडल्यास पाणी कमी मुरते. चिखल्या झाल्यावर बुरशीविरोधी मलम लावावे. रॉकेल किंवा बॅटरीतले पाणी लावण्याची जी पद्धत काही गावांत आहे, ती पूर्ण टाळावी.

आईंची गोष्ट वेगळी आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे भेग खोल गेली तरी दुखत नाही. त्यांनी शक्यतो चिखलात उतरू नये, आणि रोज संध्याकाळी कोणीतरी उजेडात त्यांच्या बेचक्या पाहाव्यात. पाय लाल, गरम, सुजलेला दिसला, ताप आला किंवा जखमेतून दुर्गंध येऊ लागला, तर लावणी अर्धी टाकून त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.